एकमेकांवाचून अडले पाहिजे

भिन्न भाषा, धर्म, वय, पेशा किंवा मतांच्या माणसांना एकत्र काम करायला शिकवायचे असेल, तर त्यांना मिळून एखादी कलाकृती करायला द्यावी, ही कल्पना आता शाळा, कार्यालये, स्वयंसेवी संस्था आणि शासकीय विभाग या सगळ्यांनी स्वीकारलेली दिसते. कुठे नुकत्याच एकत्र केलेल्या दोन विभागांतले कर्मचारी मोठा कॅनव्हास रंगवतात, कुठे विस्थापित आणि स्थानिक कुटुंबांतली मुले मिळून एक भिंत सजवतात, कुठे वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांचे समूहगान बसवले जाते. या सगळ्यामागच्या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे. किंबहुना सामूहिक कलानिर्मितीइतके प्रभावी साधन आपल्या हाताशी फारसे नाही, असेच माझे मत आहे. आणि म्हणूनच ते साधन ज्या पद्धतीने वापरले जाते, तिच्याबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका एकदिवसीय कार्यशाळेत मी सहभागी झाले होते. आदल्या संध्याकाळी चित्रकाराने भिंतीवर एक विशाल वृक्ष रेखाटून ठेवला होता. पानापानांवर पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले होते आणि खाली त्याच आकड्यांचे रंगाचे डबे ओळीने मांडलेले होते. आम्ही चाळीसेक जण होतो. प्रत्येकाने आपल्या वाट्याची पाने रंगवली, शेवटी खोडावर सगळ्यांच्या हातांचे ठसे उमटवले, छायाचित्र काढले आणि दुपारी आपापल्या घरी गेलो. भिंत सुरेख दिसत होती. परंतु माझ्या शेजारी सलग चार तास उभ्या असलेल्या बाईंशी माझे बोलणे झाले ते एवढेच, की "तो ओला फडका जरा इकडे देता का?" त्या कोण होत्या, त्यांना ते झाड कसे वाटले, त्यांच्या मनातले झाड वेगळे होते का, हे विचारण्याची वेळच आली नाही, कारण ते विचारल्यावाचून आमचे काहीच अडत नव्हते.

हे 'अडणे' माझ्या मते साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. शेजारी शेजारी उभी राहिलेली माणसे आपोआप जवळ येत नाहीत. एकमेकांवाचून काम अडले, की मात्र त्यांना एकमेकांकडे वळावेच लागते. सामूहिक कलेत असे अडण्याचे प्रसंग पदोपदी येतात, आणि नेमके तेच प्रसंग टाळण्यासाठी आपण रेखाटन आधीच करून ठेवतो, रंग आधीच ठरवतो, वाद होऊ नये म्हणून वाटण्या करून देतो.

मानसशास्त्राने ही गोष्ट बऱ्याच आधी ओळखली होती. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की दोन गटांतल्या माणसांची नुसती गाठभेट झाल्याने पूर्वग्रह कमी होतीलच असे नाही. त्या भेटीत दोन्ही बाजूंना समान दर्जा असावा, उद्दिष्ट समाईक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे आणि ज्यांचा अधिकार चालतो त्यांचा या सगळ्याला पाठिंबा असावा. त्याच वर्षी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह या ठिकाणी मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले. मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत दोन्ही गट एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखे वागू लागले. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवले. त्याने वैर कमी झाले नाही. जेवणाच्या वेळी तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. फरक पडला तो पाणीपुरवठा बंद पडल्यावर दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला, बंद पडलेली मालमोटार दोर लावून सगळ्यांनी मिळून ओढावी लागली, तेव्हा. मुलांच्या नकळत त्यांना असे झुंजवणे आज कोणी योग्य मानणार नाही, आणि या प्रयोगावर पुढे बरीच टीकाही झाली. तरीही एकत्र जेवणे आणि एकत्र दोर ओढणे यांतला जो फरक त्यातून दिसला, तो आपल्या कार्यशाळांना अजून पुरता उमगलेला नाही.

मग कलाच कशाला, दोर ओढला तरी चालेल, असे कोणी म्हणेल. इथे मला कलेचे वेगळेपण दिसते. मालमोटार कुठे न्यायची हे आधीच ठरलेले असते. प्रश्न फक्त जोर लावण्याचा असतो. पाणी सुरू व्हावे याविषयी कोणाचे दुमत नसते. कलाकृतीत मात्र काय करायचे हेच ठरवायचे असते. भिंतीवर काय असावे, कोण मध्यभागी असावे, कोणती घटना दाखवावी आणि कोणती वगळावी, आकाश उजळ असावे की झाकोळलेले, या प्रश्नांना बरोबर असे एकच उत्तर नाही. ज्या समाजात माणसांचे मतभेद साधनांपुरते नसून इष्ट काय यावरच आहेत, तिथे दोर ओढण्याचा सराव अपुरा पडतो. इष्ट काय हे मिळून ठरवण्याचा सराव हवा असतो, आणि तो अशा ठिकाणी हवा असतो जिथे निर्णय चुकला तर कोणाचे घर किंवा नोकरी जात नाही, पण तरीही निर्णयाची आच प्रत्येकाला लागते. भिंत, रंगमंच, गाण्याची तालीम या अशा जागा आहेत.

त्याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. पुढे एका दीर्घ उपक्रमात मी मदतनीस म्हणून जात असे. तो आठवड्यातून दोन दिवस असा पाच महिने चालला. भिंत कोरी होती आणि तिच्यावर काय यावे हे सहभागी माणसांनीच ठरवायचे होते. एका भागात एक वयस्क गृहस्थ नदी काढत होते. त्यांचे बालपण तिच्या काठी गेले होते. त्यांच्या उजवीकडे पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आपल्या वस्तीतला रस्ता काढत होती. दोघांच्या मध्ये हातभर जागा उरली तेव्हा प्रश्न निर्माण झाला.

"आजोबा, तुमची नदी इथपर्यंत आणलीत तर माझा रस्ता जाणार कुठे?"

"रस्ता वळवता येतो, बाळ. नदी कशी वळवणार?"

"आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी नदीच रस्त्यावर येते."

ते काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. ज्या पाण्यात ते पोहायला शिकले त्याच पाण्यामुळे तिच्या घरातले सामान माळ्यावर चढवावे लागते, हे त्यांच्या मनात कधी आलेच नव्हते. त्या हातभर जागेत अखेर पाण्याखाली गेलेला रस्ता काढायचे ठरले, आणि मग दोघांसमोर तांत्रिक अडचण आली, की पाणी दिसावे आणि त्याखालचा रस्ताही दिसावा हे साधायचे कसे. त्यांनी निळा लावला तर रस्ता बुजला. पुसून पुन्हा करड्याने सुरुवात केली, तर पाणी चिखलासारखे दिसू लागले. चौथ्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आले, की आधी रस्ता पूर्ण रंगवून वाळू द्यायचा आणि मग रंगात भरपूर पाणी घालून निळ्याचे पातळ हात एकावर एक द्यायचे. ते थर देताना मुलगी ब्रश चालवत होती आणि आजोबा चार पावले मागे उभे राहून "अजून एक हात, आता बस" असे सांगत होते. त्या भिंतीवरचे ते सर्वोत्तम चित्र होते असे मी म्हणणार नाही. पण त्या दोघांपैकी एकट्याला ते कधीच सुचले नसते, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

या प्रसंगात दोघे एकमेकांविषयी बोलत नव्हते, ते भिंतीविषयी बोलत होते. तुमचे आणि आमचे काय बिनसले आहे यावर समोरासमोर बसून चर्चा करायला सांगितले, तर बहुतेक माणसे एकतर गप्प बसतात किंवा आपल्या गटाचे वकीलपत्र घेतात. समोर तिसरी वस्तू असली, की दोघांची नजर तिच्याकडे वळते आणि वाद तिच्यावर होतो. "हा निळा फार गडद आहे" असे म्हणताना माणूस पुष्कळ काही सांगून जातो, आणि ऐकणाऱ्यालाही ते झेपते.

संगीताच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करावा लागतो. एकत्र गाण्याने माणसे लवकर जवळ येतात याला संशोधनाचाही आधार आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेल्या गायनाच्या, हस्तकलेच्या आणि सर्जनशील लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना केली. गाणाऱ्या वर्गातली माणसे सुरुवातीलाच भराभर एकमेकांच्या जवळ आली; सात महिन्यांनी मात्र इतर वर्गांतली माणसेही तितकीच जवळ आलेली आढळली. यातला पहिला भाग उत्साहाने सांगितला जातो. मला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वेळ दिला तर सावकाश चालणारी कामेही माणसांना तिथेच पोहोचवतात, हे त्यातून दिसते.

शिवाय एका सुरात गाण्याच्या, एका ठेक्यावर पावले टाकण्याच्या या शक्तीबद्दल सावध राहणे मला आवश्यक वाटते. ती शक्ती खरी आहे, पण आंधळी आहे. एकाच तालावर चालणाऱ्या सैन्याला आणि एकच घोषणा देणाऱ्या जमावालाही ती तितकेच घट्ट बांधते, आणि ते बांधणे अनेकदा बाहेरच्या कोणाच्या तरी विरोधात असते. म्हणून भेद ओलांडण्यासाठी संगीत वापरायचे असेल, तर सगळ्यांनी एकच ओळ एकाच पट्टीत म्हणण्यापेक्षा वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी म्हणाव्या लागतील असे गाणे निवडावे. समूहगायकांना एक साधी युक्ती शिकवतात. स्वर इतका लांब असतो, की कोणाचाही श्वास पुरत नाही. मग प्रत्येकाने वेगळ्या क्षणी श्वास घ्यायचा असतो. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण थांबायचे नाही, आपण घेऊ तेव्हा तो सांभाळेल असा विश्वास ठेवायचा आणि परत येताना आवाज हळूच मिसळायचा. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. तो अखंड राहतो कारण माणसे एकाच वेळी सारखे वागत नाहीत, तर एकमेकांची उणीव ऐकत असतात. सांघिक कामाचे याहून नेमके शिक्षण मला ठाऊक नाही.

पद्धत नीट असली तर किती मोठे काम उभे राहू शकते, याचे लॉस एंजेलिसमधील 'ग्रेट वॉल' हे ठळक उदाहरण आहे. पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर चित्रकार ज्युडिथ बाका यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये हे भित्तिचित्र सुरू झाले. पहिल्या उन्हाळ्यात गुन्हेगारी न्यायव्यवस्थेमार्फत पाठवलेले ८० तरुण, १० कलावंत आणि ५ इतिहासतज्ज्ञ मिळून काम करत होते. पुढच्या उन्हाळ्यांत काम वाढत गेले आणि एकूण ४०० हून अधिक तरुण त्यात सहभागी झाले. सुमारे अर्धा मैल लांबीच्या त्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, आणि तो मूळ रहिवासी, स्थलांतरित व अल्पसंख्य समाज यांच्या बाजूने सांगितलेला आहे. माझ्या दृष्टीने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे चित्राचा विषय माणसांमधल्या भेदांना बगल देणारा नव्हता. ज्या घटनांनी त्यांचे समाज दुखावले गेले होते त्याच घटना भिंतीवर आल्या. दुसरी म्हणजे काम पुनःपुन्हा, कित्येक वर्षे चालले. भिन्न वस्त्यांतल्या, एकमेकांविषयी संशय बाळगणाऱ्या तरुणांना इतिहास समजून घेणे, त्यावरून चित्र ठरवणे आणि उन्हात उभे राहून ते रंगवणे या सगळ्यातून जावे लागले. झाड, सूर्य, हातात हात घातलेली मुले असे निरुपद्रवी विषय आपण निवडतो तेव्हा मतभेद चित्राबाहेर ठेवले जातात, आणि भिंत पुरी झाली की ते बाहेर आपली वाटच पाहत असतात.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी नाटकात हेच अधिक धीटपणे केले. त्यांच्या पद्धतीत अन्यायाचा एखादा प्रसंग सादर केला जातो, तोच पुन्हा सुरू होतो, आणि कोणीही प्रेक्षक "थांबा" म्हणून मंचावर जाऊन अन्याय सोसणाऱ्या पात्राच्या जागी उभा राहू शकतो व वेगळे काही करून पाहू शकतो. दुसऱ्याने काय करायला हवे होते हे खुर्चीत बसून सांगणे सोपे असते. त्याच्या जागी उभे राहिल्यावर समोरचा अधिकारी किंवा मालक तुमच्याही अंगावर ओरडतो, तेव्हा कळते.

या साऱ्यात मर्यादा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी वंशाचे विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू केलेल्या 'वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा'त इस्रायली आणि अरब तरुण वादक एकत्र वाजवतात. तंतुवाद्य वाजवणारे दोघे एकाच स्टँडवरची स्वरलिपी पाहतात, एक जण पान उलटतो तेव्हा दुसरा वाजवत राहतो, आणि दोघांचा गज एकाच दिशेने चालावा लागतो. तिथे त्यांचा दर्जा समान असतो. सभागृहाबाहेर तो समान नसतो, आणि एकत्र वाजवल्याने ती विषमता झाकली जाते, असा आक्षेप या वाद्यवृंदावर घेतला गेला आहे. बॅरेनबॉइम यांनी स्वतःही हा शांततेचा प्रकल्प असल्याचा दावा टाळला आहे. त्यांच्या मते तो अज्ञानाविरुद्धचा प्रकल्प आहे. मला हा नेमस्त दावा योग्य वाटतो. कलेने न्याय मिळत नाही. ज्याची जमीन गेली त्याला ती भित्तिचित्राने परत मिळणार नाही, आणि ज्या संस्थेत पगारात, बढतीत भेदभाव होतो त्या संस्थेने कर्मचाऱ्यांना एकत्र कॅनव्हास रंगवायला सांगणे हा त्या कर्मचाऱ्यांचा अपमान आहे.

दुसरी मर्यादा आणखी विचार करायला लावणारी आहे. इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घालून संशोधक सल्मा मूसा यांनी केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू मुस्लिम खेळाडूंबरोबर पुढेही सराव करायला तयार झाले, मैदानावरच्या खिलाडूपणाच्या पुरस्कारासाठी त्यांना मत देऊ लागले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबरोबरच्या त्यांच्या वागण्यात तसा बदल दिसला नाही. हा खेळ होता, कला नव्हे, तरीही धडा आपल्यालाही लागू आहे. एकत्र काम केलेल्या माणसावर जडलेला विश्वास त्याच्या सगळ्या समाजापर्यंत आपोआप पसरत नाही. माझ्या मते म्हणूनच एकाच उपक्रमावर थांबू नये, आणि ज्यांना पुढे खरोखर एकत्र काम करायचे आहे, म्हणजे एकाच शाळेचे पालक, एकाच विभागाचे कर्मचारी, एकाच वस्तीचे रहिवासी, त्यांच्यासाठीच आधी हे उपक्रम करावेत.

"आम्हाला चित्र काढता येत नाही" ही तक्रार मी मात्र लहान समजत नाही. ज्याला येते तो पुढे सरसावतो, ज्याला येत नाही तो ब्रश धुतो, आणि बहुधा ब्रश धुणारा तोच असतो जो एरवीही मागेच राहतो. अशा वेळी कला जुनीच उतरंड नव्या रंगात उभी करते. यावर उपाय आहे. कोणालाच सराव नाही असे माध्यम निवडावे, किंवा ज्यांचे एरवी कोणी ऐकत नाही त्यांच्या हातात असलेले कौशल्य मध्यभागी आणावे. शिवणकाम, सुतारकाम, बांधकाम येणारी माणसे अशा गटांत असतातच. भिंतीला रंग धरतो की नाही हे गवंड्याला चित्रकाराइतकेच कळते, बऱ्याचदा जास्त कळते.

हे सगळे करायला वेळ आणि पैसा लागतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे, की जेवढा पैसा आहे तेवढ्यात दहा ठिकाणी एकेक दिवसाचे उपक्रम करण्याऐवजी एका ठिकाणी अनेक महिन्यांचे काम करावे. कलावंताला नेमताना त्याला रेखाटन करून आणू नका असे स्पष्ट सांगावे. त्याचे काम तंत्र शिकवण्याचे आणि वाद वाढला तर तो चित्रावर परत आणण्याचे असावे. अंतिम शब्द आयोजकाचा असू नये, निदान काय काढायचे याबाबत तरी नसावा, कारण वरून नाकारला जाणारा निर्णय खरा निर्णय नसतो आणि ते सहभागी माणसांना पहिल्याच आठवड्यात कळते. त्याच वेळी काम चांगले व्हावे हा आग्रह सोडू नये. "सगळे मिळून केले ना, मग कसेही असो" असे म्हटले, की माणसांना नव्याने प्रयत्न करण्याचे, पुसून पुन्हा काढण्याचे, शेजाऱ्याची मदत मागण्याचे कारणच उरत नाही.

आणि ज्या संस्था अशा उपक्रमांना पैसे देतात, त्यांच्याकडे माझी एक विशेष विनंती आहे. पहिल्या दिवसाअखेर त्यांना पूर्ण झालेल्या भिंतीचे छायाचित्र मिळणार नाही. कदाचित महिनाभरही मिळणार नाही. पहिल्या अहवालात कोरी भिंत असेल, तिच्यावर खडूने काढून पुसलेल्या काही रेषा असतील, आणि समोर हातवारे करत एकमेकांशी वाद घालणारी माणसे असतील. ते छायाचित्र देणाऱ्याने न संकोचता द्यावे आणि घेणाऱ्याने पुढच्या महिन्याचे पैसे मंजूर करावेत.